हेजहॉगच्या काट्यांमधला कोंडा: औषध देण्याआधी काय पाहावे आणि औषध कसे मोजावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका गृहस्थांकडे आठ महिन्यांचा आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असणारा छोटा पाळीव प्राणी आहे. तो नर असून त्याचे वजन ३८० ग्रॅम आहे. पिंजरा गॅलरीत असतो, त्यात लाकडाच्या वखारीतला भुसा पसरतात आणि इतर खाद्याबरोबर त्याला दूधही देतात. गेले तीन आठवडे त्याच्या काट्यांच्या मुळाशी पांढरा कोंडा दिसतो, सकाळी पिंजऱ्यात दहा-बारा काटे गळून पडलेले असतात आणि रात्री तो मागच्या पायाने सतत अंग खाजवतो. त्यांना तीन ठिकाणांहून तीन सल्ले मिळाले आहेत. पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या दुकानदाराने मांजरीच्या पिल्लांच्या मानेवर टाकायच्या औषधाची नळी दिली आहे. शेजारी गाई पाळणारे काका म्हणतात की गोचिडांसाठी देतात ते इंजेक्शन पाव मिली टोचले की काम होईल. दिंडोरीच्या मामांनी द्राक्षबागेतले कोळीनाशक पाण्यात पातळ करून बोळ्याने पुसायला सांगितले आहे. यांपैकी काय करावे, आणि सात वर्षांच्या मुलीने त्याला हातात घेतले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी नाशिकमध्ये गेली बावीस वर्षे लहान प्राण्यांवर उपचार करते. सुरुवातीची बरीच वर्षे कुत्री आणि मांजरेच येत. पुढे ससे आणि गिनीपिग येऊ लागले आणि गेल्या आठ-नऊ वर्षांत हेजहॉग. त्यामुळे खालचे उत्तर पाठ्यपुस्तकातले कमी आणि तपासणीच्या टेबलावर शिकलेले अधिक आहे. त्या शिकण्यात काही चुका माझ्याही होत्या. त्या सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही.

आधी प्रश्न जरा वेगळ्या रीतीने मांडते. तुम्ही विचारले आहे की तिन्हींपैकी कोणते औषध द्यावे. पण खरे प्रश्न दोन आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावर औषधाचे नाव ठरवणे फारसे अवघड राहत नाही. पहिला प्रश्न, हे माइटच, म्हणजे अंगावर राहणारे कोळ्याच्या जातीचे बारीक जीवच आहेत हे कशावरून? दुसरा प्रश्न, अर्ध्या किलोपेक्षाही कमी वजनाच्या जिवाला नेमके किती औषध पोहोचणार आहे, हे मोजण्याचे साधन आपल्याजवळ आहे का? तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत या दोन्ही प्रश्नांना बगल दिलेली आहे.

माइट म्हणजे काय, हे नाशिककरांना समजावणे तुलनेने सोपे जाते, कारण आपल्याकडे द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या पानांवरचा लाल कोळी सगळ्यांना माहीत असतो. हेजहॉगच्या अंगावरचे माइट त्याच मोठ्या कुळातले आहेत, मात्र जात निराळी आणि खाणेही निराळे. पाळीव हेजहॉगवर बहुतेक वेळा जे माइट सापडतात त्यांना कॅपॅरिनिया म्हणतात. ते कुत्र्याच्या खरजेच्या माइटसारखे कातडीत बोगदे करत नाहीत. कातडीच्या पृष्ठभागावर राहतात आणि तिथल्या मृत पेशी व स्राव यांवर जगतात. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असल्यामुळे चांगल्या उजेडात, काळ्या कागदावर कोंडा झाडून काही मिनिटे एकटक पाहिले, तर त्यातले काही कण हळूहळू सरकताना दिसू शकतात. ही घरी करता येण्यासारखी एकमेव तपासणी आहे आणि ती जरूर करावी. कण हलताना दिसले तर संशय पक्का होतो. दिसले नाहीत तर मात्र माइट नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता काटे गळण्याबद्दल. हेजहॉगच्या पिल्लाचे बाळकाटे गळून मोठे काटे येण्याचा काळ साधारण सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतो आणि चार-सहा महिन्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. त्या काळात पिंजऱ्यात काटे सापडणे अगदी स्वाभाविक असते. गळलेल्या जागी नवे काटे टोक काढत असतात आणि कातडी, थोडी कोरडी दिसली तरी, लाल किंवा खपलीदार नसते. तुमचा प्राणी आठ महिन्यांचा आहे, म्हणजे हे कारण बहुधा मागे पडले आहे. तरीही पिल्लू आणताना दुकानदाराने सांगितलेले वय खरेच असते असे नाही, म्हणून काटे गळलेली जागा नीट पाहा. टक्कल पडल्यासारखा सलग पट्टा दिसतो का, तिथे नव्या काट्यांची टोके आहेत का, कानांच्या कडा झिजल्यासारख्या किंवा खपल्यांनी जाड झाल्या आहेत का, डोळ्यांभोवती पापुद्रे आहेत का, हे सर्व पाहून लिहून ठेवा.

कोंड्याची आणखी दोन कारणे लक्षात घ्यावी लागतात. त्यांतले साधे कारण म्हणजे कोरडी कातडी. वास येतो म्हणून आठवड्यातून दोनदा साबणाने आंघोळ घालणारे लोक मला नेहमी भेटतात. अशा प्राण्याच्या कातडीतले तेल निघून जाते आणि तो खाजवतो. दुसरे कारण गंभीर आहे आणि त्यासाठीच मी हे उत्तर एवढे लांबवते आहे. ते म्हणजे बुरशी, ज्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. हेजहॉगवर ट्रायकोफायटॉन एरिनेसी नावाची बुरशी वाढते. चेहरा, कान आणि काट्यांच्या मुळाशी ती अगदी माइटसारखाच कोंडा आणि खपल्या निर्माण करते, कधीकधी माइटच्या जोडीने राहते, आणि माणसांना लागते. काही हेजहॉगवर ती कोणतेही लक्षण न दाखवता असते, त्यामुळे प्राणी ठणठणीत दिसतो आणि घरातल्या माणसाच्या हातावर लाल कडे उठते.

माझी चूक इथेच झाली होती. सुमारे सहा वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरून एक मादी आली. कोंडा होता, काटे गळत होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन माइट सापडले. निदान झाले असे मानून मी माइटचे औषध सुरू केले आणि बुरशीचा नमुना पाठवला नाही. खाज कमी झाली, पण खपल्या राहिल्या. माइट मेले की कातडी सावकाश भरते असे मी त्या कुटुंबाला सांगत राहिले. चौथ्या आठवड्यात त्यांच्या मुलीच्या मनगटावर चट्टा उठला, त्वचारोगतज्ज्ञांनी तो बुरशीचा असल्याचे सांगितले, आणि मग आम्ही जो नमुना पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता तो पाठवला. तेव्हापासून खपल्या असलेला कोणताही हेजहॉग आला तर माइट सापडोत वा न सापडोत, बुरशीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, मी लावतेच. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. काही ठिकाणी निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बुरशी चमकते का ते पाहतात. या विशिष्ट बुरशीच्या बाबतीत तो दिवा उपयोगाचा नाही, कारण ती चमकत नाही. दिव्याखाली काही दिसले नाही म्हणून कोणी तुम्हाला निर्धास्त केले तर ते पुरेसे मानू नका.

दवाखान्यात काय होते तेही सांगते, म्हणजे तुम्ही मनाची तयारी करून जाल. खपली जिथे सर्वांत जाड असेल तिथली कातडी बोथट पात्याने हलकेच खरवडून तो नमुना लिक्विड पॅराफिनच्या थेंबात काचपट्टीवर घेतला जातो. काट्यांच्या मुळांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबूनही नमुना घेता येतो. अडचण एकच, आणि ती मोठी असते: हेजहॉग गोल गुंडाळी करून बसतो. त्याला बळाने उघडायचा प्रयत्न कधीही करू नये. शांत स्वभावाचा, माणसांची सवय असलेला प्राणी मंद उजेडात थोडा वेळ थांबले तर स्वतःहून उलगडतो. भेदरलेल्याला मात्र गॅसची हलकी भूल देऊनच नीट तपासता येते. भुलेचे नाव ऐकून बरेच पालक घाबरतात. पण तेवढ्या दहा मिनिटांत नमुने घेऊन होतात, पोट आणि तोंड पाहून होते, वाढलेली नखे कापून होतात, आणि पुढचा महिनाभराचा अंदाजपंचे उपचार वाचतो. ज्या दवाखान्यात गॅसच्या भुलेची सोय आहे आणि सशापेक्षा लहान प्राणी पाहण्याचा सराव आहे तिथेच जा, आणि जाण्यापूर्वी फोनवर तसे स्पष्ट विचारून घ्या. असे विचारण्यात कोणत्याही डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले एकेक करून पाहू.

गाईंच्या इंजेक्शनपासून सुरुवात करते, कारण तिन्हींमध्ये याच्यामुळे मी सर्वाधिक नुकसान पाहिले आहे. ते औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. औषध वाईट नाही; हेजहॉगच्या माइटवर पशुवैद्य ते वापरतात आणि मीही वापरले आहे. प्रश्न मात्रेचा आहे. गाईंसाठीच्या एक टक्का द्रावणात दर मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि ५० किलो वजनाला एक मिली असे त्याचे माप आहे. हेजहॉगसाठी सर्वसाधारणपणे किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम धरतात. तुमच्या प्राण्याच्या ३८० ग्रॅम वजनाला खालच्या मात्रेने ०.०७६ मिलिग्रॅम औषध लागते, म्हणजे त्या द्रावणाचा ०.००८ मिलीपेक्षाही कमी भाग. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची एक रेघ ०.०२५ मिलीची असते. म्हणजे सिरिंजवरच्या सर्वांत बारीक एका रेघेइतके औषध घेतले तरी ते खालच्या मात्रेच्या तिपटीहून जास्त आणि वरच्या मात्रेच्याही दीडपटीहून जास्त होते. शेजारच्या काकांनी सांगितलेले पाव मिली म्हणजे अडीच मिलिग्रॅम, अर्थात खालच्या मात्रेच्या जवळजवळ तेहतीसपट. काका गाईंच्या बाबतीत अनुभवी असतील, त्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, पण त्यांच्या हाताला ज्या वजनाची सवय आहे त्यापेक्षा हा प्राणी सुमारे हजारपट हलका आहे.

जास्त झालेले आयव्हरमेक्टिन मेंदूवर परिणाम करते. प्राणी झोकांड्या खातो, बुबुळे मोठी होतात, लाळ गळते, अंग थरथरते आणि पुढे तो बेशुद्ध होतो. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे खास औषध नाही. ऊब, सलाइन, नळीने अन्न आणि वाट पाहणे एवढेच हाती राहते. सिन्नरहून असाच एक हेजहॉग माझ्याकडे आणला होता. दोन दिवस आम्ही त्याला उबेत ठेवून झटलो आणि तो गेला. त्याला आणणाऱ्या तरुणाने औषध प्रेमानेच दिले होते. तो ज्या अवस्थेत टेबलाजवळ उभा होता ते मी विसरलेले नाही, आणि वरचे आकडे इतक्या तपशिलाने मांडण्याचे कारणही तेच आहे.

पशुवैद्य जेव्हा हे औषध देतात तेव्हा ते आधी योग्य द्रावकात विरळ करून घेतात, म्हणजे टोचायचे प्रमाण मोजता येण्याजोगे होते. हे विरळ करणे साध्या पाण्याने नीट होत नाही, कारण औषध पाण्यात मिसळत नाही; पाणी घालून हलवलेल्या मिश्रणात एका थेंबात काहीच नाही आणि दुसऱ्यात सगळेच, असे होऊ शकते. म्हणून घरी विरळ करण्याचाही विचार नको.

दुकानदाराने दिलेल्या नळीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नळीवर सेलॅमेक्टिन लिहिले असेल, किंवा इमिडाक्लोप्रिड आणि मॉक्सिडेक्टिन अशी जोडी असेल, तर ती औषधे हेजहॉगवर वापरली जातात, आणि टोचण्यापेक्षा मानेवर टाकणे मला अधिक पसंत आहे. मात्र तिथेही मात्रेचा प्रश्न सुटत नाही. सेलॅमेक्टिनची सर्वांत लहान नळी पाव मिलीची असते व तिच्यात १५ मिलिग्रॅम औषध असते. किलोमागे सहा मिलिग्रॅम धरले तर तुमच्या प्राण्याला लागते साधारण सव्वादोन मिलिग्रॅम, म्हणजे नळीचा सहावा-सातवा भाग, जेमतेम एक लहान थेंब. दुकानात अनेकदा सांगतात की सबंध नळी ओता; तसे करू नका. नळीवर फिप्रोनिल, परमेथ्रिन किंवा अमिट्राझ यांपैकी काही लिहिले असेल तर ती तशीच परत करा. अमिट्राझने, म्हणजे कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून अंगावर ओततात त्या औषधाने, एवढासा प्राणी सुस्त होतो, त्याच्या हृदयाची गती मंदावते आणि अंग गार पडते.

गेल्या काही वर्षांत कुत्र्यांच्या गोचिडांसाठी येणारी फ्लुरॅलॅनरची चघळण्याची गोळी हेजहॉगच्या माइटवर एकाच मात्रेत चांगली लागू पडल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने तुमच्या प्राण्याला सहा मिलिग्रॅमहूनही थोडे कमी लागेल, आणि लहानात लहान कुत्र्याची गोळी ११२.५ मिलिग्रॅमची असते. गोळीचे एकोणीस-वीस सारखे तुकडे सुरीने होत नाहीत. ती कुटून, वजन करून, नेमकी मात्रा दवाखान्यातच तयार करावी लागते. सशक्त, खातापिता प्राणी असेल तर सध्या मी याच औषधाचा विचार आधी करते, कारण मात्रा एकदाच द्यायची असल्याने पुढच्या खेपा चुकण्याचा धोका राहत नाही. खाणे सोडलेला, वजन उतरलेला किंवा गाभण प्राणी असेल तर माझा निर्णय बदलतो. म्हणून औषधाचे नाव इथे एका ओळीत सांगून टाकणे मला प्रामाणिक वाटत नाही. ते प्राणी पाहूनच ठरते.

मामांच्या कोळीनाशकाचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. बागेत कोळीसाठी वापरले जाणारे अबामेक्टिन हे आयव्हरमेक्टिनच्याच घराण्यातले आहे, त्यामुळे मामांचा तर्क अगदीच निराधार नाही. पण फवारणीच्या औषधात ते विरघळवण्यासाठी जे द्रावक घातलेले असतात ते कातडीला भाजणारे आणि पोटात गेल्यास विषारी असतात. पंपातल्या मापाचा आणि प्राण्याच्या वजनाचा तर काही संबंधच जुळत नाही. शिवाय हेजहॉगची एक सवय इथे घातक ठरते. नवा, उग्र वास आला की तो ती वस्तू चाटतो, चघळतो, तोंडात भरपूर फेस आणतो आणि मान वळवून तो फेस स्वतःच्या काट्यांवर फासतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे झटके वाटतात. तो आजार नाही, त्याचा स्वभाव आहे. पण यामुळे त्याच्या कातडीवर लावलेले जवळजवळ सगळे काही त्याच्या पोटात जाते. करंज तेल, कडुलिंबाचे तेल, कापूर घातलेले खोबरेल, टी ट्री तेल, जंतुनाशक द्रव, या सगळ्या घरगुती उपायांना माझा विरोध याच कारणाने आहे. औषध दुकानातून मिळणारी खाज-खरजेची ट्यूबही तशीच. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइड असते. त्याने चार दिवस लाली आणि खाज दबते, आणि बुरशी व माइट दोन्ही निर्वेधपणे वाढत राहतात.

मानेवर टाकायचे औषध ठरलेच, तर ते काट्यांवर नव्हे, कातडीवर पडले पाहिजे. प्राणी उलगडून चालत किंवा खात असताना, खांद्यांच्या मध्ये काटे बाजूला सारून कातडी दिसू लागली की तिथे थेंब सोडावा. त्याआधी दोन दिवस आणि त्यानंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. पहिली मात्रा दवाखान्यात टाकून घ्या आणि हात कसा धरतात ते पाहून ठेवा.

यानंतर ज्या मुद्द्यावर बहुतेकांचे उपचार फसतात तो येतो. आयव्हरमेक्टिनसारखी औषधे चालत्या-फिरत्या माइटना मारतात, अंड्यांना नाही. अंड्यातून बाहेर पडून पुन्हा अंडी घालण्याइतका माइट मोठा व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ही औषधे दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने किमान तीनदा द्यावी लागतात. होते असे की पहिल्या मात्रेनंतर आठवडाभरात खाज स्पष्टपणे कमी होते, घरच्यांना हायसे वाटते आणि दुसऱ्या खेपेला कोणी येत नाही. दीड-दोन महिन्यांनी तोच प्राणी पुन्हा येतो, आणि औषध लागू पडले नाही अशी तक्रार असते. तीन तारखा आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. कोंडा पूर्ण जायला तीन-चार आठवडे आणि काटे भरून यायला त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा कोंडा दिसतो म्हणून ठरलेल्या तारखेच्या आधी जादा मात्राही देऊ नका.

उपचार फसण्याचे दुसरे कारण पिंजरा. प्राणी स्वच्छ झाला आणि अंथरुणात माइट राहिले, तर उपचार केल्यासारखे होतच नाहीत. तुम्ही लाकडाच्या वखारीतून भुसा आणून पसरता असे लिहिले आहे. तो भुसा बंद करा. त्यातून माइट येऊ शकतात, त्याची धूळ श्वासात जाते, आणि देवदार किंवा पाइनसारख्या लाकडाच्या भुशातील तेलाचा वास श्वसनमार्गाला त्रास देतो. उपचार चालू असेपर्यंत साधा पांढरा, न छापलेला कागद अंथरावा आणि तो रोज बदलावा. त्यावर गळलेले काटे आणि कोंडाही चटकन दिसतो, हा वेगळा फायदा. नंतर लोकरीसारख्या मऊ फ्लीस कापडाचे दोन-तीन तुकडे आलटून पालटून वापरता येतील. त्याच्या कडांचे सुटलेले धागे पायात अडकत नाहीत ना, एवढे पाहावे. औषधाच्या प्रत्येक मात्रेच्या दिवशी पिंजरा, चाक, भांडी कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. लाकडी घर किंवा पुठ्ठ्याचा बोगदा फेकून द्यावा, कारण त्याच्या फटी धुतल्या जात नाहीत. घरात दुसरा हेजहॉग असेल तर त्याला लक्षण नसले तरी त्याच दिवशी औषध द्यावे लागते.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नव्हती, पण तुम्ही प्राणी गॅलरीत ठेवता हे वाचून मला ती फार महत्त्वाची वाटली. थोडेसे माइट पुष्कळ हेजहॉगवर निमूटपणे असतात. प्राण्याची प्रतिकारशक्ती घसरली की ते भराभर वाढतात. मूळचा आफ्रिकेतील उष्ण प्रदेशातला हा प्राणी २४ ते २९ अंश सेल्सिअसमध्ये सुखी असतो. तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ लागले की तो गुंगीत जाऊ लागतो, पोट गार पडते, खाणे थांबते. ही निरोगी हिवाळी झोप नव्हे. पिग्मी हेजहॉगला ती जिवावर बेतू शकते. नाशिकची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर वर्षी असते आणि शहरातही पहाटे एक आकडी तापमान होते. माझ्याकडे माइटचे हेजहॉग सर्वाधिक येतात ते याच दोन महिन्यांत आणि संक्रांतीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. पिंजरा आतल्या खोलीत घ्या, भिंतीपासून दूर ठेवा, आणि तापमान नियंत्रित करणारे यंत्र जोडलेला, उजेड न देणारा उष्णतेचा दिवा पिंजऱ्याच्या एका टोकाला लावा, म्हणजे त्याला ऊब नको असेल तेव्हा दुसऱ्या टोकाला जाता येईल. गरम पाण्याची बाटली रात्रभर पुरत नाही आणि पहाटे, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ती गार झालेली असते.

दूध बंद करा. ते त्याला पचत नाही आणि सततच्या जुलाबाने अशक्तपणा येतो. खाद्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. तुमचे बाकीचे खाद्य ठीक आहे.

स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या आणि दर दोन दिवसांनी, एकाच वेळी, त्याचे वजन करून वहीत लिहा. ३८० चे ३४० झाले, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास उतरले, की पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. चाल अडखळू लागली, डोळे चिकटू लागले, कातडीतून पाणी किंवा रक्त येऊ लागले, तरीही तसेच. हेजहॉगमध्ये मागचे पाय लुळे पडत जाणारा एक मज्जासंस्थेचा आजार असतो, आणि तो योगायोगाने उपचाराच्या काळात सुरू झाला तर दोष औषधावर येतो. म्हणून औषध देण्याआधी तो सरळ चालतो आहे याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवावा, अशी मी सगळ्यांना विनंती करते. तीन वर्षांपुढच्या हेजहॉगवर माइट एकाएकी उसळले तर मी आत गाठ तर नाही ना, हे आधी पाहते, कारण या प्राण्यांत गाठींचे प्रमाण पुष्कळ आहे. तुमचा प्राणी तरुण आहे, त्यामुळे आज ती काळजी करू नका.

थोडक्यात तुमच्यापुरता क्रम असा. आज पिंजरा आत, भुसा बाहेर, कागद अंथरलेला, वजन वहीत. या आठवड्यात दवाखान्यात माइटसाठी काचपट्टी आणि बुरशीसाठी कल्चर, दोन्ही. औषध आणि त्याची मात्रा तिथे ठरेल. दुकानदाराची नळी सोबत न्या, तिच्यावरचे नाव पाहून ती उपयोगाची आहे का हे डॉक्टर सांगतील. इंजेक्शन आणि कोळीनाशक यांना हात लावू नका.

मुलीबद्दल विचारलेत ते मी शेवटी ठेवले, कारण त्याचे उत्तर कल्चरवर अवलंबून आहे. हेजहॉगचे हे माइट माणसावर वस्ती करत नाहीत, तेव्हा त्यांची भीती नाही. बुरशीची मात्र आहे. कल्चरचा निकाल येईपर्यंत तिने त्याला हातात घेऊ नये. पिंजऱ्याचा कागद मोठ्या माणसाने हातमोजे घालून बदलावा आणि कामानंतर हात साबणाने धुवावेत. हे हात धुणे नंतरही कायमचे चालू ठेवा, कारण हेजहॉगच्या विष्ठेतून सालमोनेला हा जंतू पसरू शकतो. तिच्या हातांवर, मानेवर, गालांवर गोल लालसर चट्टा आधीच नाही ना, हे आज रात्रीच उजेडात पाहा. असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना घरात हेजहॉग असल्याचे आवर्जून सांगा. आणि तिला त्याच्यापासून अगदी तोडू नका. वजनाची वही तिच्या हाती द्या. वजनकाट्यावरचा आकडा वाचून लिहायला त्याला स्पर्श करावा लागत नाही.